आरशांवर चादरी

बाई रिहर्सलच्या खोलीत शिरल्या की आधी आरसे झाकायच्या. लंडनमधल्या डान्स स्टुडिओत एक अख्खी भिंत आरशाची असते. नाचणाऱ्यांना स्वतःला बघितल्याशिवाय चैन पडत नाही. बाईंना ते खपायचं नाही. चाकांच्या शॉपिंग ट्रॉलीत घरच्या जुन्या चादरी कोंबून आणायच्या. एक सोलापुरी, दोन-तीन फुलाफुलांच्या, एक तर मुलाच्या लहानपणची, आगगाडीचं इंजिन छापलेली. उंच पोरांना हाका मारून त्या आरशांवर अडकवून घ्यायच्या आणि मगच "गुड मॉर्निंग" म्हणायच्या. कुणी नवखा विचारायचाच, हे कशासाठी म्हणून. "जेवताना फोटो काढत बसलं की जेवण गार होतं," असं त्याला उत्तर मिळायचं. त्याला काही कळायचं नाही, पण पुन्हा विचारायची हिंमतही व्हायची नाही.

मी फिजिओथेरपिस्ट. आठवड्यातले काही दिवस हॉस्पिटल, काही दिवस वेस्ट एंडचं, म्हणजे लंडनच्या नाटकवस्तीतलं थिएटर. थिएटर म्हटलं की स्टॅनमोरमधल्या माझ्या मैत्रिणींचे डोळे चमकतात. चमकण्यासारखं काही नाही. तळघरातली बिनखिडकीची खोली, एक टेबल, आणि दिवसभर लोकांचे घामेजलेले पाय. वर रिहर्सलच्या खोलीत गाणं चालू असलं की माझ्या छतातून धूळ पडते.

त्या खोलीत बाई पहिल्यांदा आल्या त्या भांडायलाच. मी त्यांच्या एका मुलाला दोन दिवस विश्रांती सांगितली होती. दार न वाजवता आत येऊन इंग्लिशमध्ये म्हणाल्या, "माझ्या डान्सरला झोपवणारी कोण ती?" मग दारावरचं माझं आडनाव आठवलं असावं, कारण एकदम मराठीत घसरल्या. "मराठी का गं तू? कुठली?"

"डोंबिवली."

"आम्ही नागपूरचे. ऐक, माझ्याशी इंग्लिश बोलायचं नाही, मला राग येतो. आणि चारचौघांत मराठी बोलायचं नाही, त्यांना राग येतो."

"मग मी बोलू काय, बाई?"

"कशाला बोलतेस? हात चालव."

मी चिडकी आहे, मान्य. पण त्या दिवशी चिडायच्या ऐवजी मला हसू आलं आणि तिथेच मी फसले. त्यानंतर मी त्यांना बाईच म्हणत आले. बाकी सगळे मॅडम म्हणायचे.

बाई इंग्लंडला आल्या त्या डॉक्टरची बायको म्हणून. नवरा नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर, अतिशय शांत माणूस. "घरातही भूल देऊनच ठेवायचा," असं बाई कौतुकानं म्हणत. नागपूरला वडिलांनी नाचाचं नाव काढू दिलं नव्हतं. नॉटिंगहॅमला मुलाला पोहायला सोडलं की तासभर बाहेर थांबावं लागे, आणि शेजारच्या हॉलमध्ये मॉडर्न डान्सचा क्लास चाले. एक दिवस थंडी असह्य झाली म्हणून बाई आत जाऊन उभ्या राहिल्या. पुढच्या आठवड्यात नवऱ्याची ट्रॅकपँट घालून गेल्या. ज्या वयात इथल्या पोरी नाच सोडून योगा शिकवायला लागतात, त्या वयात बाई लंडनला ऑडिशनच्या रांगेत उभ्या होत्या. मागच्या ओळीत नाचल्या, मग मधल्या ओळीत, मग दुसऱ्या कोरिओग्राफर्सच्या असिस्टंट झाल्या. त्या ज्यात नाचत होत्या तो एक शो न्यू यॉर्कला, ब्रॉडवेला गेला. तेव्हा धाकटी पोटात होती, म्हणून बाई राहिल्या. ब्रॉडवे हा शब्द त्या कधी नीट उच्चारायच्या नाहीत. "तिकडं" म्हणायच्या. "ते सगळे तिकडं गेले, मी विमानतळावर हात हलवला."

शिकवायची पद्धत एकच. "दाखवते, बघा." बस. समजावून सांगणं त्यांना कमीपणाचं वाटे. "बोलून नाच आला असता तर वकील नाचले असते." त्या एकदा करून दाखवायच्या, आणि समोरच्यानं ते जसंच्या तसं उचलायचं. त्या धंद्यात पद्धतच ती आहे. कोरिओग्राफरनं मान तिरकी केली तर तुम्ही मान तिरकी करायची. तिला उचकी लागली होती का, हे विचारायचं नाही. उत्तम डान्सर म्हणजे उत्तम नकलाकार, आणि बाईंकडे उत्तमच पोरं होती.

स्टेप्सना बाईंनी घरची नावं दिली होती. कुकर, ताक, पोळी उलट. मार्कस नावाचा उंच, देखणा, जरा शिष्ट डान्स कॅप्टन होता. डान्स कॅप्टन म्हणजे कोरिओग्राफर नसताना नाच घासूनपुसून ठेवणारा माणूस. हा मँचेस्टरचा मार्कस अगदी गंभीर चेहऱ्यानं ओरडायचा, "फ्रॉम द पोली, प्लीज! टाक इज लेट!" मला तळघरात ऐकू यायचं आणि माझ्या हाताखालचा पाय सुटायचा.

आणि बाई बसायच्या नाहीत. म्हणजे कधीच नाही. दहा ते सहा रिहर्सल, बाई उभ्या. "समोर माणसं घाम गाळतायत आणि आपण खुर्चीत? मग तिकीट काढून यावं." डबासुद्धा खिडकीपाशी उभ्यानं खायच्या. लिफ्ट कधी घ्यायच्या नाहीत. जिन्यावरून मात्र सगळे वर गेल्यावर शेवटी एकट्या जायच्या. मला ते मोठेपणाचं लक्षण वाटायचं. काय डोंबलाचं मोठेपण, ते पुढे कळलं.

एकदा लंडनजवळच्या स्लाऊच्या मराठी मंडळानं त्यांना गणपतीच्या कार्यक्रमासाठी बोलावलं. मीच मध्यस्थ, म्हणून मलाही जावं लागलं. शाळेचा हॉल, आयटीतली पोरंपोरी, सगळ्यांना लेझीम "थोडं कंटेम्पररी" करून हवं होतं. बाईंनी पाच मिनिटं पाहिलं. मग एका गृहस्थाच्या हातातला फोन काढून आपल्या पर्समध्ये टाकला. "रेकॉर्ड करतोय मॅडम, घरी प्रॅक्टिस करायला," तो म्हणाला. "घरी बायकोला विचार कसं झालं, फोनला काय कळतं," बाई म्हणाल्या. शेवटी त्या गृहस्थाला त्यांनी असा नाचवला की त्याची बायको रडायला लागली. परतीच्या ट्रेनमध्ये बाई दारापाशी उभ्या. निम्मी गाडी रिकामी होती. मी म्हटलं, "बसा की हो आता, इथे कोण नाचतंय?" तर म्हणाल्या, "सवय मोडायची नसते गं. मोडली की मग माणूस मोडतो." खांबाला त्यांनी दोन्ही हातांनी गच्च धरलं होतं. मी फिजिओ, माझं लक्ष तिथे जायला हवं होतं, पण मी मोबाईलवर पोराच्या शाळेचे मेसेज वाचत होते.

मग तो शो आला. आयुष्यात पहिल्यांदा मुख्य कोरिओग्राफर म्हणून बाईंचं नाव. नॉटिंगहॅमच्या जुन्या लेसच्या कारखान्यातल्या मुलींची गोष्ट होती, म्हणजे बाईंच्या घरच्या गावचीच. पहिल्या अंकाच्या शेवटी यंत्रांचा नाच. बारा मुलंमुली रांगेत, यंत्रासारखी पुढे-मागे, आणि मध्येच डाव्या पायावर भार आला की सगळ्यांची कंबर एका बाजूला खचायची, अंग तिरकं व्हायचं, आणि पुढचं पाऊल जरासं ओढलं जायचं. बारा जणांची एकदम. दिवसभर उभ्यानं राबून मोडलेल्या बायका दिसायच्या डोळ्यांपुढे. प्रिव्ह्यू सुरू झाले, म्हणजे समीक्षक यायच्या आधीचे प्रयोग, आणि त्या नाचानंतर प्रेक्षक क्षणभर गप्प व्हायचे आणि मग छप्पर उडेल अशा टाळ्या. निर्माता हवेत होता. प्रेस नाईट, म्हणजे समीक्षकांसमोरचा प्रयोग, चांगली गेली तर शो न्यू यॉर्कला न्यायचं त्याचं जवळपास पक्कं होतं. बाई मला म्हणाल्या, "तिकडं जायचं दिसतंय गं." एवढंच. पण त्या दिवशी त्यांनी मला डब्यातलं अर्धं थालीपीठ दिलं. असं त्यांनी कधी कुणाला दिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात माझ्याकडे पोरं यायला लागली. आधी जोसी. ही मुख्य मुलगी, बावीस वर्षांची, तिचा हा पहिला मोठा रोल. डावा खुबा दुखतोय, कंबर धरतेय. मग दुसरी. मग एक मुलगा. सगळ्यांचं दुखणं तेच, बाजू तीच, जागा तीच, अगदी बोट ठेवून दाखवावी अशी. मी चक्रावले. शूज बघितले, स्टेजची फळी बघितली, मार्कसला वॉर्म-अपबद्दल झापलं. तो उलट मलाच म्हणाला, "ते खचणं मी रोज एक तास घासून घेतो. इट हॅज टू बी एक्झॅक्ट." शेवटी मी म्हटलं, बघू तरी काय करतायत ते, आणि दुपारच्या रिहर्सलला वर जाऊन मागे उभी राहिले.

नाच बघितला. सुरेख होता, खोटं कशाला बोलू. ब्रेक झाला, पोरं पाण्याकडे पळाली, आणि बाई आपली ट्रॉली आणायला कोपऱ्याकडे निघाल्या. आपल्याला कुणी बघतंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. डाव्या पायावर भार, कंबर खचली, अंग तिरकं, पुढचं पाऊल जरासं ओढलेलं.

तो नाच नव्हताच. तो बाईंचा झिजलेला खुबा होता. बाईंनी करून दाखवलं होतं, पोरांनी इमानदारीत उचललं होतं, आणि मार्कसनं रोज तासभर घासून ते बारा निरोगी शरीरांत पक्कं बसवलं होतं. एकालाही वाटलं नाही की विचारावं. आणि आपलं दुखणं नाचात उतरलंय याचा बाईंना स्वतःला पत्ता नव्हता, कारण आरशांवर चादरी होत्या.

मी त्यांना खाली बोलावलं आणि सरळ सांगितलं. मला गोल गोल बोलता येत नाही. बाईंचा चेहरा लाल झाला. "काहीतरीच! ती स्टेप आहे. मी केलीय ती."

"बाई, तुम्हाला चालताना दुखतं की नाही?"

"वय झालं की दुखतं. तुझंही दुखेल."

"एक्स-रे कधी काढला?"

"तू मालिश कर गं. नाच मला शिकवू नकोस."

"पोरं दुखावतायत, बाई! जोसीचं आत्ताच सांभाळलं नाही तर वर्ष जाईल तिचं. तुम्ही सांगा सगळ्यांना, नाहीतर मी वर जाऊन सांगते."

बाईंनी शांतपणे बूट काढले, शाल घडी करून ठेवली, टेबलाला धरून, दात आवळून वर चढल्या आणि आडव्या झाल्या. "घे," म्हणाल्या. "खुबा दुखतोय माझा. फार दिवस झाले, झोप लागत नाही. आता मी तुझी पेशंट. आता जा बघू वर, आणि सांग कुणाला सांगतेस ते."

बाप रे, ही बाई! पेशंटची गोष्ट बाहेर काढायची नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. तो मोडला की परवानाच जातो. मला अक्षरशः हात बांधल्यासारखं झालं. मी संतापून म्हटलं, "लाज नाही वाटत?" वयानं माझ्या आईएवढ्या बाईला मी असं बोलले.

त्या छताकडे बघत म्हणाल्या, "वाटते. पण त्यांना कळलं ना की मला चालता येत नाही, तर तिकडं मार्कस जाईल. दिवसभर पायावर उभा राहील असा माणूस पाहिजे त्यांना तिकडं. तो तयारच आहे. मी पुन्हा विमानतळावर हात हलवायचा का?" मग मान वळवून म्हणाल्या, "प्रेस नाईट होऊ दे. चार दिवस. मग तू म्हणशील ते करीन."

मी तपासलं. खुबा पार गेला होता. इतकी झीज घेऊन त्या उभ्या कशा राहत होत्या, देव जाणे.

मी वर गेले आणि मला जेवढं बोलता येत होतं तेवढं बोलले. निर्मात्याला सांगितलं, त्या स्टेपनं पोरांना इजा होतेय, ती बदला. तो गोड हसला. "ती स्टेप म्हणजे शो आहे," म्हणाला. "बर्फ लावा, पट्ट्या मारा." बाई शेजारीच उभ्या होत्या. त्यानं त्यांना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "स्टेप राहील."

मला इतका राग आला की जिन्यात रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी रिहर्सल सुरू व्हायच्या आधी बाई स्टुडिओत एकट्या होत्या. मी गेले आणि आगगाडीची चादर धरून खसकन ओढली. "चाला. एकदा. आरशात बघत चाला, आणि मग मला खोटी ठरवा." बाईंनी आरशाकडे तोंड केलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले. तशाच उभ्या राहिल्या. मी चादर हातात धरून किती वेळ थांबले कुणास ठाऊक. शेवटी मार्कस आला आणि मी ती चादर त्याच्या हातात दिली. यापुढे माझ्याकडे काही उपाय नव्हता. जोसीच्या कमरेला पट्ट्या मारत राहायचं आणि दिवस मोजायचे. ती पोरगी तर मलाच विनवत होती, "मला काढू नका हं, प्लीज. मला काहीच होत नाहीये." दोघी खोटारड्या, आणि मी मध्ये.

प्रेस नाईटच्या दिवशी दुपारी मी थिएटरमागच्या गल्लीत उभी होते. बाई ट्रॉली घेऊन स्टेज डोअरकडे येत होत्या. मागून जोसी आली. कोपऱ्यावरच्या कॅफेतून सगळ्यांसाठी चहा घेऊन, कानात गाणं लावून, आमच्याकडे लक्षही नसलेली. बाईंना ओलांडून ती पुढे गेली. आणि चालताना, साधं चालताना, डाव्या पायावर भार आला की तिची कंबर खचत होती आणि पुढचं पाऊल जरासं ओढलं जात होतं.

बाई जागच्या जागी थांबल्या.

"जोसी!" त्यांनी हाक मारली. "मागे जा. कॅफेपर्यंत. आणि परत ये."

"चहा गार होईल, मॅडम."

"होऊ दे. चाल."

जोसी गेली आणि आली. तिला वाटलं काहीतरी सूचना द्यायचीय, म्हणून ती हसत, छान चालून दाखवत होती, तरी कंबर खचतच होती. बाईंनी तिला पुन्हा पाठवलं. जोसी दुसऱ्यांदा परत आली तेव्हा बाईंनी तिच्या गालाला हात लावला आणि मराठीत म्हणाल्या, "काय केलं गं मी तुझं, बाप्पा." चारचौघांत मराठी. जोसीला एक अक्षर कळलं नाही. ती चहा घेऊन आत गेली.

मला भीती वाटत होती की मी तोंड उघडलं तर बाई पुन्हा डोळे मिटून घेतील.

आत सगळी पोरं स्टेजवर सूचना ऐकायला जमली होती. निर्माता पहिल्या रांगेत, पाय पसरून. बाई स्टेजच्या मध्ये गेल्या आणि मार्कसला म्हणाल्या, "खुर्ची आण." मार्कसला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्यानं खुर्ची आणली. बाई हातावर भार देत, हळूहळू, सगळ्यांसमोर बसल्या. बसताना तोंडातून जो आवाज निघाला तो त्यांनी लपवला नाही.

"यंत्रांच्या नाचातलं ते खचणं," त्या इंग्लिशमध्ये म्हणाल्या. "ती स्टेप नाही. तो माझा खुबा आहे. तो खराब झालाय. मी लपवला आणि तुम्हाला दिला. मला तो परत हवाय."

एक मुलगी रडायला लागली. जोसीनं स्वतःच्या कमरेवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

निर्माता उठला. "आज? पडदा आज संध्याकाळी वर जातोय. ती शोमधली सगळ्यात चांगली गोष्ट आहे."

"आहे," बाई म्हणाल्या. "मला माहितीय."

"आजची रात्र जाऊ दे. उद्या बघू."

"आज परत हवाय."

तो तरातरा बाहेर गेला. कुणाला तरी फोन करायला, हे सगळ्यांना कळलं.

मग दुपारभर बाईंनी खुर्चीतून शिकवलं. करून दाखवता येत नव्हतं, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा तोंडानं समजावून सांगावं लागलं, आणि ते त्यांना अजिबात जमत नव्हतं. शब्द सापडेना की चिडायच्या, हातानं हवेत काहीतरी करायच्या, मार्कसवर ओरडायच्या. तो बिचारा करून दाखवायचा. भार दोन्ही बाजूंना सारखा, कंबर सरळ, पाऊल उचलून. पोरांना कळत होतं, पण अंग ऐकेना. सरळ जायचं म्हटलं तरी पाचव्या-सहाव्या पावलाला कुणीतरी खचायचंच, आणि एक खचला की शेजारचाही. जोसी तर दर वेळी. "मला माफ करा, मला माफ करा," म्हणत ती पुन्हा सुरू करायची. बाहेर प्रेक्षकांची रांग लागली तेव्हा नाच एकदाही पहिल्यापासून शेवटपर्यंत धड झालेला नव्हता. मार्कस मला हळूच म्हणाला, "हे पडणार." त्याच्या तोंडावर आनंद नव्हता, हे मी सांगितलं पाहिजे.

पुढे न्यू यॉर्कला शो गेला, आणि बाईंऐवजी मार्कसच गेला. निर्मात्यानं बाईंचं नाव पोस्टरवर राहू दिलं, फुलं पाठवली, आणि आता तुम्ही विश्रांती घ्या म्हणून सांगितलं. त्यानंतर वेस्ट एंडमध्ये बाईंना कुणी बोलावलं नाही. त्यांचं ऑपरेशन झालं, छान झालं, मुलाकडे नॉटिंगहॅमला असतात, आणि फोन केला की पहिल्या मिनिटाला भांडतात. पण मला बाई आठवतात त्या प्रेस नाईटच्या.

त्या रात्री त्या माझ्याशेजारी प्रेक्षागृहात बसल्या होत्या. माझा हात त्यांनी मनगटापाशी पकडला होता. यंत्रांचा नाच सुरू झाला. मी बारा कमरा बघत होते. एक पाऊल, दुसरं, पुढे, मागे. डावा पाय आला की बाईंची नखं माझ्या हातात रुतायची. जोसी एकदा डगमगली, खचणार असं वाटलं, आणि तिनं दात-ओठ खाऊन स्वतःला सावरलं. नाच संपला. एकही कंबर खचली नाही.

टाळ्या आल्या. बऱ्या आल्या. पण छप्पर उडालं नाही, आणि ती क्षणभराची शांतताही पडली नाही.

"नीट नाचले ना गं?" बाईंनी विचारलं.

"अगदी नीट."

"आणि टाळ्या?"

माझ्याच्यानं खोटं बोलवेना. "रोजच्यापेक्षा कमी."

बाईंनी मान हलवली. "इतकी वर्षं मी पोरांना सांगत आले, माझ्यासारखं नाचा, माझ्यासारखं नाचा. कुणाला म्हणून जमलं नाही. यांना जमलं होतं." त्यांनी माझं मनगट सोडलं. "आणि मीच काढून घेतलं."

मध्यंतर झालं, लोक आइस्क्रीम आणायला गेले, आम्ही जागच्या हललो नाही. दुसऱ्या अंकाचा पडदा वर गेला तेव्हा रिकाम्या कारखान्यातून जोसी एकटी चालत पुढे येत होती. संगीत नव्हतं, फक्त तिची पावलं. बाई पुढे वाकल्या.

"सरळ चालतेय का ती?"

"सरळ चालतेय, बाई."

"नीट बघून सांग," त्या म्हणाल्या. "मला डोळ्यांतल्या पाण्यानं काही दिसत नाहीये."